डेस्कटॉपमधली धूळ काढताना कशाला हात लावायचा, कशाला नाही

प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षांपूर्वी जोडून घेतलेला डेस्कटॉप आजवर एकदाही उघडलेला नाही. उन्हाळा लागल्यापासून आतला पंखा घोंघावतो. मुलगा गेम खेळत असताना किंवा व्हिडिओ एडिटिंग चालू असताना मशीन काहीही न सांगता बंद पडतं. घरात व्हॅक्यूम क्लीनर आहे. त्याने कॅबिनेट आतून साफ केलं तर चालेल का, की ब्लोअर आणावा? शॉक बसण्याची किंवा काही जळण्याची भीती कितपत खरी?

आधी थेट उत्तर देतो. व्हॅक्यूमची नळी कॅबिनेटच्या आत घालू नका. ब्लोअर चालतो, पण लांबून आणि पंख्याची पाती धरून. शॉकची भीती एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यापुरती पूर्ण खरी आहे. तो डबा उघडला नाही आणि सगळ्या वायरी काढून काम केलं, तर बाकीच्या भागांत जिवाला धोका नाही. दुरुस्तीच्या टेबलावर इतकी वर्षं बसून माझं मत ठाम झालं आहे की धुळीने मशीन सहसा मरत नाही, ते तापतं आणि मंदावतं. धूळ काढण्याच्या घाईत मात्र चांगली मशीनं बिघडवली जातात: पातं तुटलेला पंखा, वाकलेल्या पिना, अर्धवट बसलेली रॅम. म्हणून हवेची वाट मोकळी करण्यापुरतंच उघडायचं, त्यापुढे जायचं नाही.

ही वाट नेमकी कुठे अडते ते समजून घ्या, म्हणजे निम्मं काम हलकं होईल. प्रोसेसरवर त्याची उष्णता ओढून घेणारा, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा हीटसिंक असतो आणि त्यावर पंखा. पंखा धूळ आत ढकलत राहतो. पत्र्यांच्या फटी एखाददोन मिलिमीटरच्या, त्यामुळे तंतू तिथे अडकतात, तंतूंवर बारीक धूळ बसते आणि वर्षा-दोन वर्षांत पंखा व हीटसिंक यांच्यामध्ये गोधडीसारखा जाड थर तयार होतो. वरून पाहिलं तर पंखा नीट फिरताना दिसतो, पण खाली हवा पोचतच नाही. मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डावर पसरलेली करडी धूळ डोळ्यांना खुपते, म्हणून लोक तीच पुसत बसतात. तिने फारसं नुकसान होत नाही. खरी अडचण या लपलेल्या थरात, कॅबिनेटच्या पुढच्या जाळीत, ग्राफिक कार्डाच्या हीटसिंकमध्ये आणि एसएमपीएसच्या जाळीत असते. या चार जागा मोकळ्या झाल्या की मशीन थंड होतं.

उघडण्याआधी तापमान नोंदवा. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्पसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाका, मशीन दहा मिनिटं नुसतं चालू ठेवा आणि आकडा लिहा. मग ज्या कामात बंद पडतं ते काम दहा-पंधरा मिनिटं चालवून पुन्हा लिहा. सोबत खोलीचं तापमानही लिहा, कारण हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद खोलीच चाळिशीला टेकलेली असते. तिथला ८० अंश आणि महाबळेश्वरचा ८० अंश यांचा अर्थ वेगळा. म्हणून नुसता आकडा न बघता तो खोलीपेक्षा किती वर आहे ते बघा. खोली ३० अंशांवर आणि प्रोसेसर ८५ वर असेल तर फरक ५५ चा. साफ केल्यावर त्याच कामात हा फरक ४० वर आला, तर तुमची मेहनत नेमकी कुठे लागली ते कागदावर दिसेल.

एक गोष्ट इथेच सांगतो. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास, एएमडीच्या रायझन ५००० मालिकेतले बरेचसे ९० आणि ७००० मालिकेतले ९५ अंशांना पोचले की स्वतःच वेग कमी करतात. म्हणजे थोडीफार धूळ असलेलं मशीन आधी हळू होतं. एकदम बंद पडत नाही. तुमचं थेट बंद पडतं, म्हणजे एकतर हीटसिंक अगदीच चोंदला आहे किंवा त्याची पकड सैल झाली आहे, नाहीतर ग्राफिक कार्ड किंवा एसएमपीएस दमतो आहे. सफाई हा पहिला उपाय आहेच, पण शेवटचा असेल अशी खात्री आत्ता देता येत नाही.

आता वीज. विंडोज रीतसर शट डाउन करा, नुसतं स्लीपवर टाकू नका. मग भिंतीवरचं बटण बंद करून थांबू नका, पॉवर केबल कॅबिनेटमधूनच उपटून काढा. आपल्याकडे पुष्कळ घरांत मशीन यूपीएसवर असतं. भिंतीची पिन काढली तरी यूपीएस वीज देतच राहतो, आणि हे विसरणारे थोडे नाहीत. मॉनिटर, लॅन, स्पीकर, प्रिंटर, सगळ्या वायरी काढा. काढण्यापूर्वी मागच्या बाजूचा मोबाइलवर एक स्वच्छ फोटो घ्या. केबल निघाल्यावर कॅबिनेटचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. बोर्डावर उरलेला चार्ज उतरतो. कधी कधी पंखा क्षणभर थरथरतो, तो त्याचाच.

बटण दाबल्याने एसएमपीएसच्या आतला मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) पूर्ण रिकामा होतोच असं समजू नका. घरातली २३० व्होल्टची वीज आत डीसी झाली की सुमारे ३२५ व्होल्ट होते, आणि ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढून घेणारी जोडणी) असलेल्या सध्याच्या एसएमपीएसमध्ये ती ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत चढवलेली असते. केबल काढल्यावरही हा साठा काही काळ राहू शकतो, आणि चार्ज उतरवणारा रेझिस्टर खराब असेल तर बराच काळ. म्हणून एसएमपीएसचं झाकण घरी उघडायचं नाही. यात तडजोड नाही.

अजून एक जिव्हाळ्याचा मुद्दा. मशीन चालू असताना कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोट लागलं की हाताला झिणझिण्या येतात का? येत असतील तर तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा ते तुटलं आहे. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे अर्थिंगविना पत्र्यावर साधारण निम्मा मेन्स व्होल्टेज उमटतो. करंट अगदी थोडा, म्हणून फक्त झिणझिण्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॉप्टरमध्ये घुसवलेली घरं मी अजूनही बघतो. धूळ पुढच्या आठवड्यात काढली तरी चालेल, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

जागा म्हणून गच्ची, गॅलरी किंवा अंगण उत्तम. वाऱ्याकडे पाठ करा. चांगला मास्क लावा, आणि घरात दमा किंवा ॲलर्जी असलेलं कोणी असेल तर त्यांना दूर ठेवा. चार वर्षांची धूळ एकदम उडते तेव्हा ती साधी नसते. पावसाळ्यात उघडीप असलेला दिवस निवडा. मशीन नुकतं बंद केलं असेल तर अर्धा तास निवू द्या. कॅबिनेट टेबलावर किंवा स्टुलावर आडवं ठेवा, मदरबोर्ड खाली आणि उघडी बाजू वर. उंच टॉवर कुलर (प्रोसेसरवर उभा बसवलेला मोठा हीटसिंक आणि पंखा) किंवा जड ग्राफिक कार्ड असेल तर आडवं ठेवल्याने त्यांचा भार बोर्डावर लटकत नाही, हाही फायदा.

स्थिर विद्युत, म्हणजे स्टॅटिक, याबद्दल दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. काही जण मनगटाला पट्टा बांधल्याशिवाय मशीनला शिवू देत नाहीत, काही जण म्हणतात हे सगळं थोतांड आहे. वस्तुस्थिती मधली आहे. माणसाला ठिणगी जाणवते ती साधारण ३,००० व्होल्टच्या वर, पण चिपला त्याच्या कितीतरी खाली इजा होऊ शकते. म्हणजे आपल्याला काही कळलं नाही याचा अर्थ काही झालं नाही असा नव्हे. मात्र हवेत ओल असली की हा चार्ज साठत नाही. कोकणात जुलैमध्ये स्टॅटिकची चिंता जवळजवळ नाही. पुणे, नाशिक, विदर्भाच्या कोरड्या थंडीत, जेव्हा स्वेटर काढताना तडतड आवाज येतो, तेव्हा ती खरी आहे. त्यामुळे सिंथेटिक कपडे आणि गालिचा टाळा. कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या पत्र्याला, उदाहरणार्थ मागच्या स्क्रूजवळ, कामाला लागण्याआधी आणि मध्ये मध्ये हात लावत जा. पट्टा असेल तर बांधा, नसेल म्हणून काम अडवू नका. कार्ड किंवा रॅम धरायची ती कडेने. सोनेरी पट्ट्यांना बोट नको.

व्हॅक्यूम का नको, हे आता कळेल. प्लास्टिकच्या तोंडातून कोरडी धूळ वेगाने घासत जाते तेव्हा त्या तोंडावरच स्टॅटिक तयार होतं, आणि ते तुम्ही बोर्डाच्या अगदी जवळ नेता. शिवाय ओढ अशी की बोर्डावरच्या जम्पर पिनांची बारीक टोपी, सैल स्क्रू, पातळ वायर आत जाते. व्हॅक्यूमचा योग्य उपयोग एकच: कॅबिनेटपासून दीड-दोन हात लांब धरून उडालेली धूळ ओढून घेणं, किंवा नंतर फरशी साफ करणं.

टायरवाल्याचा कॉम्प्रेसर हा आपल्याकडचा लोकप्रिय उपाय. खेड्यापाड्यांत मशीन थेट पंक्चरच्या दुकानात नेतात. कृपा करून नेऊ नका. त्या टाकीत पाणी साठतं, कॉम्प्रेसरचं तेल हवेबरोबर येतं, आणि दाब एवढा असतो की बारीक सुटे भाग निखळावेत. बोर्डावर उमटलेले तेलकट थेंब पुढच्या धुळीला घट्ट धरून ठेवतात.

हातात धरायचा छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर, साधारण ५०० ते ६०० वॅटचा, घरगुती कामाला पुरेसा आहे. आधी तो बाजूला तोंड करून काही सेकंद चालवा, म्हणजे त्याच्याच पोटातला कचरा बाहेर पडेल. कॅबिनेटपासून एक वीत, दीड वीत अंतर ठेवा. सलग मारत बसू नका, दोन-तीन सेकंदांचे फटके द्या. त्याची हवा ओढणारी बाजू जमिनीजवळ नको, नाहीतर खालची माती ओढून वर मारेल. अशा ब्लोअरच्या मोटारीत कार्बन ब्रश असतात आणि त्यांच्या ठिणग्या पडतात. म्हणून जवळपास आयसोप्रोपिल अल्कोहोल (इलेक्ट्रॉनिक भाग पुसायचं, पटकन पेट घेणारं द्रव) उघडं ठेवून ब्लोअर कधीही चालवू नका.

डब्यातली दाबाची हवा, म्हणजे एअर डस्टर, बारीक जागांसाठी चांगली, पण एक-दोन मशीनमध्ये संपते. त्या डब्यात नुसती हवा नसते. बहुतेक डब्यांत डायफ्लुरोइथेन नावाचा द्रवरूप वायू असतो. डबा तिरका किंवा उलटा केला की तो द्रवच बाहेर पडतो, कातडी भाजल्यासारखी गोठवतो आणि बोर्डावर दव धरतं. शिवाय तो ज्वलनशील आहे. डबा सरळ उभा धरा, हलवू नका, आणि काम झाल्यावर मशीन लगेच चालू करू नका.

तिसरं अवजार सगळ्यांत स्वस्त: एक इंची रंगाचा ब्रश, नैसर्गिक केसांचा आणि कोरा. नायलॉनचा ब्रश कोरड्या हवेत चार्ज धरतो. मोबाइल दुरुस्तीचं सामान मिळतं तिथे काळे अँटिस्टॅटिक ब्रशही मिळतात. ते मिळाले तर फारच छान. जुना, रंग वाळलेला ब्रश मात्र नको. ताठ झालेले केस बारीक भागांना ओरबाडतात आणि तुटून आत पडतात.

आता प्रत्यक्ष काम. दोन्ही बाजूंची झाकणं काढा, पुढचं तोंडही निघत असेल तर काढा. काही कॅबिनेटच्या पुढच्या भागाला पॉवर बटणाच्या आणि यूएसबीच्या वायरी जोडलेल्या असतात, म्हणून हिसका देऊ नका. आधी आत डोकावून बघा. जाळ्या आणि फिल्टर बाहेर काढून साध्या पाण्याखाली धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. नव्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाला असतो आणि त्याच्या खाली सरकणारी जाळी असते. ती वरून दिसत नाही, त्यामुळे सगळ्यांत दुर्लक्षित राहते. कॅबिनेट कलंडवून ती काढा. पुष्कळदा तापण्याचं कारण तिथेच सापडतं.

मग प्रोसेसरचा पंखा. डाव्या हाताचं बोट किंवा आइसक्रीमची लाकडी काडी पात्यांत हलकेच अडकवा, म्हणजे तो फिरणार नाही. ब्लोअरच्या झोताने मोकळा पंखा त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो. त्यात उलट वीज तयार होते आणि ती बोर्डाकडे जाऊ शकते. त्याने बोर्ड जळल्याचे प्रकार दुर्मीळ आहेत, पण बेअरिंग ढिलं होणं आणि पातं तुटणं नेहमीचं. पातं तुटलं की पंख्याचा तोल जातो आणि मग तो बदलावाच लागतो. पात्यांवरची धूळ ब्रशने झटका, मग ब्रशचे केस पात्यांमधून खाली घालून हीटसिंकवरचा थर मोडा. आधी थर मोडायचा आणि मगच हवा मारायची, हा क्रम महत्त्वाचा. आधी हवा मारली तर तो थर फटींमध्ये आणखी खोल घट्ट बसतो. शक्य असेल तर धूळ जिथून आत आली त्याच्या उलट बाजूने हवा मारा. टॉवर कुलर असेल तर त्याचा पंखा तारेच्या दोन क्लिपांवर असतो. हीटसिंक न हलवता पंखा बाजूला काढता येतो आणि मग सगळा थर हातानेच निघतो. इंटेलच्या सोबत येणाऱ्या गोल कुलरवर वरूनच काम करा. चांगला झाला नाही असं वाटलं तरी पहिल्या वेळी तो उपटू नका; कारण पुढे सांगतो.

ग्राफिक कार्ड जागेवरच साफ होत असेल तर तसंच करा, पंखे धरून. काढायचंच असेल तर आधी त्याला जोडलेली ६ किंवा ८ पिनांची पॉवर केबल काढा, मागच्या पट्टीचे स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाचा छोटा खटका दाबा आणि मगच कार्ड सरळ वर उचला. तो खटका विसरून ओढल्यामुळे स्लॉट तुटलेले बोर्ड वारंवार येतात. कार्डाचा हीटसिंक उघडू नका. आत मेमरी चिपांवर ठरावीक जाडीच्या थर्मल पट्ट्या असतात, त्या फाटल्या तर तशाच जाडीच्या शोधाव्या लागतात. शिवाय वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

एसएमपीएसच्या पंख्यात काडी घालायची ती लाकडी किंवा प्लास्टिकचीच, धातूची कधीच नाही. जाळीतून ती नुसती पात्याला टेकवायची, आत खोल ढकलायची नाही. मग मागच्या आणि पंख्याच्या जाळीतून थोडे थोडे फटके मारा. खूप धूळ असेल तर चार स्क्रू काढून तो अख्खा डबा बाहेर घेऊन साफ करणं चांगलं, म्हणजे त्याचा कचरा कॅबिनेटमध्ये पडत नाही. पण त्याच्या सगळ्या वायरी पुन्हा जागेवर लावता येतील असा आत्मविश्वास असेल तरच. हार्ड डिस्कला हवा मारत बसू नका. तिच्यावर बारीक छिद्र असतं आणि ते झाकू नये असं त्याच्याजवळ छापलेलं असतं. वरून ब्रश फिरवला की पुरे.

मदरबोर्डवर कोरडा ब्रश हलक्या हाताने, एका दिशेने. कपडा नको, टिश्यू नको. कपॅसिटरच्या पायांत धागे अडकतात. ओलं काहीच नको. सॅनिटायझर वापरणारे भेटतात, म्हणून सांगतो: त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, आणि ग्लिसरीन चिकट थर मागे ठेवतं. काच पुसायचा स्प्रे, थिनर, गंज सोडवायचा स्प्रे हे सगळं बाहेर ठेवा. पुसावंच लागलं तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही कापसाच्या काडीला लावून, तेवढ्याच जागेवर. कॅबिनेटच्या ॲक्रिलिक झाकणाला ते लावू नका, तडे जातात.

रॅम आणि खोडरबर. सफाईला काढलेली रॅम खोडरबराने घासायची सवय आपल्याकडे दुकानदारांपासून घरापर्यंत सगळ्यांना आहे. त्याने मशीन चालू होतं, हे मी नाकारत नाही. पण बहुतेक वेळा फायदा घासण्याचा नसून रॅम काढून पुन्हा बसवण्याचा असतो. संपर्कपट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, आणि प्रत्येक घासण्यात तो थोडा जातो. मशीन नीट चालत असेल तर रॅमला हातच लावू नका. चालत नसेल तर काढून पुन्हा बसवा. तरीही नाही झालं तर अल्कोहोल लावलेली कापसाची काडी फिरवा. पांढरा मऊ खोडरबर हा शेवटचा पर्याय, तोही बोर्डापासून लांब, हलक्या हाताने, आणि भुगा पूर्ण झटकून. शाईचा खरबरीत खोडरबर मुळीच नको.

सगळी धूळ सारखी नसते, आणि इथे थोडं थांबतो, कारण सर्वसाधारण माहितीत हे सापडत नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीकडच्या यंत्रमागांजवळच्या ऑफिसातल्या मशीनमध्ये कापसाचे तंतू येतात. ते जाळीवर नमद्यासारखे बसतात आणि बोटांनी अख्खे सोलून निघतात, ब्लोअरची गरजही पडत नाही. सांगलीच्या हळदीच्या पेढीतल्या किंवा पिठाच्या गिरणीतल्या मशीनमध्ये बारीक पूड असते. ती दमटपणा धरते, म्हणून ती पावसाळ्याआधी काढलीच पाहिजे. बांधकामाजवळची सिमेंटची धूळ ओलावा मिळाला की फटींत धरून बसते. देवघराजवळ किंवा स्वयंपाकघराला लागून ठेवलेल्या मशीनमध्ये अगरबत्तीचा धूर आणि फोडणीची वाफ मिळून तपकिरी, चिकट थर होतो. तो हवेने उडत नाही. पंख्याची पाती अल्कोहोलच्या काडीने एकेक पुसावी लागतात, किंवा पंखा बदलणं सोपं पडतं. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा धुळीत ओल धरून ठेवते. तिथे बोर्डावर हिरवट किंवा पांढरट डाग दिसले तर ते घरी खरवडू नका, दुरुस्तीवाल्याला दाखवा. विदर्भात डेझर्ट कुलरसमोर मशीन ठेवायची पद्धत आहे. गार वाटतं खरं, पण बारीक तुषारांबरोबर पाण्यातले क्षार आत जातात. कुलरच्या थेट झोतातून ते बाजूला घ्या.

पाली, झुरळं, मुंग्या हेही आत राहतात, कारण आत ऊब असते. मागच्या बाजूला कार्ड काढल्यावर उघडी राहिलेली पट्टीची फट ही त्यांची वाट. तिथे पत्र्याची पट्टी लावा किंवा बारीक जाळी. उंदीर शिरल्याच्या खुणा, लेंड्या किंवा वास असेल तर मात्र ब्लोअर अजिबात मारू नका. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार पसरतात. मास्क आणि हातमोजे घालून टिश्यूने लेंड्या उचला, ती जागा अल्कोहोलने पुसा, वायरी कुरतडल्या आहेत का ते एकेक करून बघा, आणि कुरतडलेलं काही दिसलं तर मशीन चालू न करता दाखवायला न्या.

आता थर्मल पेस्टबद्दल, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावलेल्या, उष्णता पुढे नेणाऱ्या लेपाबद्दल. हीटसिंक काढला तर पेस्ट नवी लावावीच लागते. जुन्या पेस्टवर पुन्हा बसवला तर मध्ये हवा राहते आणि मशीन आधीपेक्षा जास्त तापतं. म्हणूनच मी पहिल्या सफाईत हीटसिंक काढू नका म्हणतो. सफाईनंतरही तापमान उतरलं नाही तरच तो मार्ग. त्यातही एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या एका प्रकारच्या खाचेचा) रायझन असेल तर जपून. त्या प्रोसेसरच्या पिना त्याच्याच पोटाला असतात, आणि पेस्ट वाळून घट्ट झाली की कुलर सरळ वर ओढताच प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर वर येतो. पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट ऊन होऊ द्या, बंद करून केबल काढा, कुलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सुटा करा आणि मगच उचला. नव्या पेस्टचा एक मटाराच्या दाण्यापेक्षा किंचित लहान ठिपका मधोमध पुरतो. जास्त पेस्टने जास्त थंड होत नाही.

झाकण लावण्यापूर्वी टॉर्चने एकदा आत फिरा. कुठली वायर पंख्यात येत नाही ना, प्रत्येक पंख्याची पिन बसली आहे ना, रॅमचे खटके दोन्हीकडे मिटले आहेत ना. पंखे बोटाने फिरवून बघा. खरखर लागली तर तो बेअरिंगने गेला आहे. त्याला शिवणयंत्राचं तेल पाजत बसण्यापेक्षा नवा बसवा, पंखा महाग भाग नाही. जाळ्या खरंच कोरड्या आहेत याची खात्री करा. मग झाकण उघडं असतानाच, हात बाहेर ठेवून, मशीन चालू करा आणि सगळे पंखे फिरतात का बघा. सुरुवातीलाच सीपीयू फॅन एरर असा संदेश आला तर पंख्याची पिन राहिली आहे. स्क्रीनवर काहीच आलं नाही तर घाबरू नका. पहिली शक्यता, मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लावली गेली. दुसरी, रॅम किंचित वर आली आहे. दर वेळी हात घालण्याआधी केबल पुन्हा काढायची. घड्याळ मागे पडलेलं दिसलं तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल, ३ व्होल्टचा, संपत आला आहे; याच फेरीत बदलून टाका.

पुढच्या वेळा किती दिवसांनी, हे घरावर अवलंबून आहे. साध्या फ्लॅटमध्ये सहा महिन्यांनी आतली सफाई आणि महिन्याला जाळ्या झटकणं पुरतं. रस्त्यालगत घर, पाळीव मांजर-कुत्रा किंवा चालू बांधकाम असेल तर तीन महिन्यांनी. कॅबिनेट जमिनीवरून वीतभर उचलून स्टँडवर ठेवलं तर झाडूने उडणारी धूळ बरीच कमी जाते. मागची बाजू भिंतीला चिकटवू नका, निदान अर्धा फूट जागा सोडा. मशीन चालू असताना वर कापड टाकू नका. हवा आत ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त असतील आणि आत येणारी हवा जाळीतूनच येत असेल, तर फटींमधून धूळ खेचली जात नाही.

हे सगळं करून पुन्हा तेच काम चालवा आणि आधी लिहिलेल्या आकड्यांशी ताडून बघा. तापमान उतरलं आणि बंद पडणं थांबलं तर काम झालं. तापमान उतरलं, पण मशीन तरीही ओझ्याखाली बंद पडत असेल तर संशय एसएमपीएसवर घ्या. चार वर्षांच्या स्वस्त एसएमपीएसच्या बाबतीत तो बहुधा खरा ठरतो. तापमानच उतरलं नाही तर हीटसिंकची पकड आणि पेस्ट. दोन्हींपैकी काहीही असो, दुरुस्तीवाल्याकडे जाताना तो कागद सोबत न्या: खोलीचं तापमान, नुसतं चालू असतानाचा आकडा, कामाखालचा आकडा, सफाईच्या आधीचे आणि नंतरचे. एवढं हातात असलं तर चांगला कारागीर भाग बदलून बघण्यात तुमचे पैसे घालवणार नाही.